बरे होण्यापुरती जागा

आपल्या घरातले कुणी मोठ्या दुखण्यातून उठले म्हणजे पुढचे दिवस कसे जातात, ते जरा आठवून पाहा. माणूस दवाखान्यातून घरी येतो. वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात त्याची खाट पडते. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि मुगाचे वरण. पोरांना दटावले जाते, "आवाज करू नका रे, आजोबा निजलेत." गोळ्यांची वेळ झाली की सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते. शेजारची म्हातारी डोकावून विचारते, "कसं वाटतंय आता?" आणि आठ-पंधरा दिवसांनी तो दुखणाईत माणूस अंगणात येऊन कोवळ्या उन्हात बसतो. आपण म्हणतो, डॉक्टरांच्या औषधाने गुण आला. ते खरेच असते. परंतु त्या गुणात खाटेचा, पेजेचा आणि तांब्याचाही वाटा असतो. तो आपल्या हिशेबात येत नाही, कारण त्याचे बिल कुणी देत नाही.

आता ज्याला घरच नाही, त्याचे काय होत असेल? आज मला या एकाच प्रश्नाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, एसटी स्टँडवर भेटला. मी ज्या तालुक्याच्या गावी शिकवतो, तिथल्या स्टँडच्या पडवीत एक गृहस्थ राहत असत. वय साठीच्या आसपास. दिवसा हातगाडीवाल्यांना पाणी भरून द्यायचे, रात्री बाकाखाली अंग टाकायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणे. एका पावसाळ्यात त्यांच्या पायात खिळा घुसला. अंगात मधुमेह होता, पण त्याचा त्यांना पत्ता नव्हता. जखम चिघळली. आम्ही दोघातिघांनी मिळून त्यांना जवळच्या शहरातल्या एका रुग्णालयात नेले. उपचार चांगले झाले. नवव्या दिवशी सुटी मिळाली. कागदावर लिहिले होते : पाय उंच ठेवावा, पायावर भार देऊ नये, रोज ड्रेसिंग करावे, पथ्याचे जेवण घ्यावे, इन्सुलिन थंड जागी ठेवावे. शिक्षकाची सवय, दुसरे काय! मी तो कागद स्टँडवर उभा राहून मामांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि म्हणाले, "समदं बरोबर हाय, सर. पण पाय ठेवू कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. मी औषधे घेऊन दिली, शंभराच्या दोन नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या आणि तासाला निघून गेलो. तीन आठवड्यांनी मामांच्या पायाचा पुढचा अर्धा भाग कापावा लागला. औषध चुकलेले नव्हते. पण कागदावरची एकही सूचना पाळता येईल अशी जागा त्या माणसाजवळ नव्हती, आणि ती आहे की नाही, हे सुटी देताना कुणी विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

असे मामा आपल्या देशात किती असतील? २०११ च्या जनगणनेच्या वेळी २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओसरीत निजणाऱ्यांची मोजणी झाली. ती संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. त्यांत महाराष्ट्रातले सुमारे २ लाख ११ हजार होते. आपल्याला वाटते, ही शहरांची गोष्ट आहे. पण त्याच मोजणीत ८ लाख ३४ हजारांहून अधिक माणसे ग्रामीण भागातली होती. म्हणजे हा प्रश्न वेशीबाहेरचा नव्हे, आपल्या स्टँडवरचा आणि आपल्या बाजाराच्या ओट्यावरचा आहे.

घर नसले म्हणजे औषध का लागू पडत नाही, हे नीट समजून घेऊ या. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, तेव्हा कित्येक गोष्टी ते न बोलता गृहीत धरतात. हृदय अशक्त झालेल्या रोग्याला अंगातले पाणी कमी करण्यासाठी लघवीची गोळी देतात. ती घेतली की तासातासाला उठावे लागते. ज्याला रात्री संडास-मोरी नाही, आणि असली तरी पैसे मोजावे लागतात, तो ती गोळी गुपचूप बंद करतो. मग पायांवर सूज येते, धाप लागते आणि पुन्हा रुग्णालय. आतड्याची तपासणी करायची तर आदल्या रात्री जुलाबाचे औषध प्यावे लागते. ते स्टँडवर कसे प्यायचे? इन्सुलिन उन्हात राहिले की त्याचा जोर जातो. साध्या क्षयाचे औषधसुद्धा निदान सहा महिने न चुकता घ्यावे लागते, आणि उशाखालची पिशवी तर एका रात्रीत चोरीला जाते. मोडलेल्या पायावर दीड महिना भार देऊ नये म्हणतात, पण पोटासाठी रांगेत उभे राहणे काही चुकत नाही.

रात्रीचा निवारा असला तरी अडचण पुरती सुटत नाही. असे निवारे बहुधा झोपण्यापुरते असतात. सकाळी उठून बाहेर पडायचे, संध्याकाळी पुन्हा यायचे. धडधाकट माणसाला ते चालेल. परंतु कालच ज्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली, त्याने दिवसभर कुठे बसायचे? तिथे पट्टी बदलायला कुणी नसते, ताप मोजायला कुणी नसते. उलट बाजूने पाहिले तर रुग्णालयही त्याला ठेवून घेऊ शकत नाही. त्याहून गंभीर रोगी दाराशी थांबलेले असतात, आणि रुग्णालयाची खाट ही सर्वांत महागडी खाट असते. अशा रीतीने हा माणूस मधल्या मध्ये सापडतो. रुग्णालयात राहावे इतका तो आजारी नसतो, आणि रस्त्यावर राहावे इतका बरा नसतो. एवढ्या मधल्या काळापुरती एखादी जागा असावी, ही साधी गोष्ट आहे. पण ती कुणाला तरी सुचावी लागते आणि कुणाला तरी उभी करावी लागते.

या प्रश्नाचा माग काढता काढता अमेरिकेतल्या बॉस्टन शहराची हकीकत माझ्या हाती आली. आपण म्हणाल, इतक्या श्रीमंत देशात कसली आली आहेत बेघर माणसे? आहेत, बरं का. आणि तिथला हिवाळा असा असतो की उघड्यावर निजलेल्या माणसाची बोटे गारठून काळी पडतात. १९८० च्या सुमारास तिथे बेघरांची संख्या वाढत गेली आणि निवाऱ्यांतून क्षयाचा फैलाव होऊ लागला. १९८५ साली दोन मोठ्या धर्मादाय संस्थांनी निरनिराळ्या शहरांत बेघरांसाठी आरोग्यसेवा सुरू करण्याकरिता पैसा दिला. बॉस्टनमध्ये या कामासाठी जिम ओ'कॉनेल नावाच्या एका तरुण डॉक्टरांना बोलावण्यात आले. त्यांचे शिक्षण हार्वर्ड विद्यापीठातले. पुढे न्यूयॉर्कला जाऊन कर्करोगावरचे शिक्षण घ्यायचे, असे त्यांचे ठरले होते. त्यांना सांगण्यात आले, "एकच वर्ष द्या." त्या एका वर्षाची पुढे कित्येक दशके झाली.

पहिल्या दिवशी ते 'पाइन स्ट्रीट इन' नावाच्या निवाऱ्यात पोचले. तिथे परिचारिकांचा छोटा दवाखाना आधीपासून चालू होता. बार्बरा मॅकिनिस या तिथल्या जाणत्या परिचारिका. नवे डॉक्टर आले ते मोठ्या उत्साहाने, गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवून. बार्बराबाईंनी त्यांना तो बाजूला ठेवायला लावला आणि समोर पाण्याचे घमेले सरकवले. दिवसभर चालून सुजलेले, भिजून फुटलेले लोकांचे पाय त्या पाण्यात धुवायचे, हे त्यांचे पहिले काम. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, पहिले काही आठवडे डॉक्टर संध्याकाळी तेवढेच करीत होते. एक म्हातारा होता. रुग्णालयात त्याने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, औषध घेतले नव्हते. तो रोज येई, पाय पुढे करी, आणि बोलत नसे. कित्येक दिवसांनी त्यानेच उलट विचारले की, तुम्ही डॉक्टर असून पाय कसले धूत बसता? त्यानंतर तो औषध घेण्यास राजी झाला.

श्रोतेहो, ही गोष्ट परक्या मुलखातली असली तरी आपल्याला परकी वाटू नये. दारी आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाय धुवायला पाणी देतो आणि मग बाकीचे विचारतो. दमलेल्या माणसाला आधी टेकू द्यावे, ही आपली जुनी रीत आहे. बार्बराबाईंनी डॉक्टरांना तीच शिकवली असे म्हणावयास हरकत नाही. ज्या माणसाला आजवर सगळ्यांनी हुसकून लावले, तो पहिल्या भेटीत आपले दुखणे सांगत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

त्याच १९८५ साली बॉस्टनच्या या मंडळींनी एका निवाऱ्यात २५ खाटा केवळ दुखणाईतांसाठी वेगळ्या काढल्या. दिवसा कुणाला बाहेर घालवायचे नाही, परिचारिकेने औषध द्यायचे, जखमा धुवायच्या, वेळेवर जेवण द्यायचे. १९९३ मध्ये या कामाला स्वतंत्र इमारत मिळाली आणि तिला 'बार्बरा मॅकिनिस हाऊस' असे नाव देण्यात आले. २००८ साली ही संस्था शहरातल्या मोठ्या रुग्णालयाजवळ हलली. तिथे १०४ खाटांची सोय झाली. ती इमारत पूर्वी शहराचे शवागार होती, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. जिथे बेवारस प्रेते आणीत, तिथे आता जिवंत माणसे बरी होऊन बाहेर पडतात.

अशा ठिकाणी चालते काय? एक म्हणजे, रुग्णालयातून सुटी मिळालेला किंवा निवाऱ्यात आजारी पडलेला बेघर माणूस इथे येतो. रात्रंदिवस परिचारिका हजर असतात, डॉक्टर येऊन पाहतात. न्यूमोनियातून उठलेला चार-आठ दिवसांत निघतो. हाड मोडलेला किंवा कर्करोगाचे उपचार चाललेला कित्येक आठवडे राहतो. काहीजण शेवटचे दिवस काढायलाही येतात, कारण फुटपाथवर मरण येऊ नये, एवढी तरी त्यांची इच्छा असते. दुसरे म्हणजे, औषधाबरोबर कागदपत्रांचे काम चालते. ओळखपत्र, पेन्शन, राहत्या घराचा अर्ज, तुटलेल्या नातलगांचा शोध, ही कामे करणारी माणसे तिथे असतात. अंथरुणावर पडलेला माणूस निदान एका जागी सापडतो, म्हणून ही कामे पुरी होऊ शकतात. आणि तिसरे म्हणजे, व्यसनी माणसालाही तिथे जागा असते. तो पुन्हा घसरला म्हणून त्याच्या जखमेची पट्टी थांबवीत नाहीत.

त्याच वर्षी, १९८५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टन शहरात 'ख्राइस्ट हाऊस' नावाची अशीच जागा उघडली. डॉ. जॅनेल गोएचियस या बाईंचा त्यात पुढाकार होता. ३४ खाटांची ती जागा. विशेष हे की डॉक्टर मंडळी आपल्या कुटुंबांसह त्याच इमारतीत राहत. खाली रोगी आणि वर डॉक्टरांची मुलेबाळे. आज अमेरिकेत लहानमोठी शंभराहून अधिक ठिकाणे या स्वरूपाचे काम करीत आहेत.

याचा उपयोग होतो का, हे कशावरून ठरवायचे? शिक्षक मंडळींना हे उदाहरण मुद्दाम सांगतो. शिकागो शहरातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयातून सुटल्यावर ज्यांना अशी जागा मिळाली, असे १६१ बेघर रोगी एका बाजूला घेतले. ज्यांना जागा हवी होती, पण खाट रिकामी नसल्यामुळे मिळाली नाही, असे ६४ दुसऱ्या बाजूला. पुढच्या वर्षभरात जागा मिळालेल्यांना रुग्णालयात सरासरी ३.७ दिवस राहावे लागले. न मिळालेल्यांना ८.१ दिवस. दोन्ही गट सर्वस्वी सारखे होते असे कुणी म्हणणार नाही, कारण चिठ्ठ्या टाकून माणसे वाटलेली नव्हती. तथापि अर्ध्याहून अधिक फरक पडला, ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. दयाबुद्धी क्षणभर बाजूला ठेवली आणि नुसता व्यवहार पाहिला, तरी स्वस्त खाट देऊन महाग खाट वाचते, हे कुणाही शेतकऱ्याला पटावे. बांध वेळेवर घातला तर माती वाहून जात नाही, तसेच हे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. बरे झाल्यावर पुढे कुठे, हा प्रश्न अशी जागा एकटीने सोडवू शकत नाही. पुष्कळ माणसे बरी होऊन पुन्हा रस्त्यावर जातात आणि काही महिन्यांनी पुन्हा येतात. म्हणून 'ख्राइस्ट हाऊस'ने आपल्या इथून बरे झालेल्या काहींसाठी कायम राहण्याची 'कैरोस' नावाची वेगळी सोय केली. बरे होण्यापुरती जागा हा मधला टप्पा आहे. मुक्कामाचे गाव त्याच्या पुढे असते.

आता आपल्याकडे वळू या. ही कल्पना आपल्या मातीत अगदीच नवी आहे, असे नाही. १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात आले. अंगावर कुष्ठरोग उमटलेला, आणि त्या काळी कुष्ठरोग्याला उभे कोण करणार? येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींची आणि त्यांची ओळख होती. गांधीजींनी त्यांच्यासाठी आश्रमातच कुटी बांधवली आणि कितीतरी दिवस स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळून दिले. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पुरता बरा होतो. त्या वेळी तसे औषध हाती नव्हते. तेव्हा गांधीजी देऊ शकत होते ते एवढेच, एक कुटी आणि दोन हात. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठरोग्यांसाठी धाम चालवले होते. शास्त्रीबुवा पुढे तिथे राहिले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले.

गाडगे महाराजांचेही स्मरण इथे केले पाहिजे. १९५६ साली ते गेले, पण त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळांतून मुंबईला उपचारांसाठी येणाऱ्या परगावच्या रोग्यांना आणि त्यांच्या नातलगांना आजही आसरा मिळतो. फरक इतकाच की धर्मशाळेत रोग्याबरोबर त्याचे माणूस असते. औषध देणे, पट्टी बदलणे ते माणूस करते. ज्याचे कुणीच नाही, त्याच्यासाठी ते काम दुसऱ्या कुणी तरी करावे लागते. धर्मशाळेचे छप्पर आणि दवाखान्याची परिचारिका एका ठिकाणी आणावी, म्हणजे आपण ज्या जागेविषयी बोलतो आहोत ती तयार होते.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी असे काम आपल्या राज्यात उभे राहिले आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये 'श्रद्धा' ही संस्था काढली. त्याआधी एका हॉटेलातून त्यांना दिसले की समोर एक जटा वाढलेला तरुण करवंटीने गटारातले पाणी पितो आहे. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेले, उपचार केले. मग कळले की तो चांगला पदवीधर आहे आणि त्याचे घर आंध्र प्रदेशात आहे. २००६ पासून संस्थेचे केंद्र रायगड जिल्ह्यात कर्जतला चालते. रोग्याला तिथे ठेवून घेतात, औषधाने मन ताळ्यावर आले की तो गावाचे नाव सांगू लागतो, आणि कार्यकर्ते त्याला सोबत घेऊन रेल्वेने थेट घरी पोचवतात. अशी हजारो माणसे घरी गेली आहेत. डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी 'माउली' नावाचे घर चालवले आहे.

सरकारी पातळीवर, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा असावा, असे सांगितले आणि २०१३ पासून त्यासाठी केंद्र सरकारची योजना आली. निवारे काही प्रमाणात झाले. पण दुखणाईताला दिवसभर पडून राहता येईल आणि त्याच्या औषधपाण्याकडे कुणी पाहील, अशा खाटा आपल्याकडे अजून फार थोड्या आहेत.

मग आपण गावात राहणाऱ्यांनी काय करावे? मोठी इमारत बांधणे आपल्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत.

रस्त्याकडेला कुणी आजारी पडलेला दिसला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते, हे आपल्याला ठाऊक असेलच. भ्रमिष्ट अवस्थेत भटकणारा माणूस दिसला तर पोलीस ठाण्यात कळवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या शंभराव्या कलमानुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. हे माहीत असले म्हणजे आपल्याला नम्रपणे पण ठामपणे बोलता येते.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण कुणा निराधाराला रुग्णालयात दाखल केले, तर सुटी मिळायच्या आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद असते. त्यांना तीनच प्रश्न विचारावेत : हा माणूस इथून कुठे जाणार? याला औषध कोण देणार? पुन्हा दाखवायला याला कोण आणणार? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत सुटी दोन दिवस लांबवता येते का, हेही विचारावे. विचारले की पुष्कळ वेळा वाट निघते.

तिसरे काम खास शिक्षकांचे. पूर्वी गावात कुणाचे पत्र आले की मास्तर वाचून दाखवीत आणि उत्तरही लिहून देत. तेच काम पुन्हा करायचे आहे. औषधाचा कागद त्या माणसाच्या बोलीत समजावून सांगावा. त्याचे नाव, गाव, नात्यातले कुणी, हे गप्पांच्या ओघात विचारावे. मात्र घरच्यांना कळवण्याआधी त्याची संमती घ्यावी; काही माणसे घर सोडून आलेली असतात, त्याला कारणे असतात.

आणि चौथे, जागा. आता मामांचे पुढे काय झाले, ते सांगून मी थांबतो.

पाय कापल्यानंतर दुसऱ्यांदा सुटी मिळायची वेळ आली, तेव्हा आम्ही आधी जागा शोधली. मारुतीच्या देवळामागे धर्मशाळेची एक खोली होती. तिच्यात मांडवाचे सामान पडलेले असे. देवस्थानच्या पंचांनी कुरकुर केली, मग किल्ली दिली. खोली झाडून चुना मारला, एक खाट आणि दोन उशा टाकल्या. एक उशी डोक्याला, एक पायाखाली. इन्सुलिन शेजारच्या दूध डेअरीच्या फ्रीजमध्ये ठेवले. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर एक दिवसाआड येऊन पट्टी बदलत. डबा पाच घरांनी वाटून घेतला. भिंतीवर एक कागद लावला; ज्याने औषध दिले त्याने तिथे खूण करायची. पहिल्या दिवशी मामा रिक्षातून उतरले, तेव्हा समोरच्या घरातल्या आजींनी सवयीने तांब्या पुढे केला. "पाय धुवा, बाबा," त्या म्हणाल्या, आणि मग पट्टी पाहून गप्प झाल्या. मामा हसले आणि दुसरा पाय पुढे करून म्हणाले, "ह्यो हाय की!"

नऊ आठवड्यांत जखम भरली. दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरांनी पाय निरखून पाहिला आणि विचारले, "मध्ये दुसरीकडे कुठे औषध घेतलंत का?" आम्ही नाही म्हटले. औषध तेच होते, त्यांनीच दोन्ही वेळा लिहून दिलेले.

मामा आता त्याच धर्मशाळेची झाडलोट पाहतात आणि तिथेच राहतात. ती खाट मात्र खोलीत तशीच ठेवली आहे. तिच्यावर नंतर दोघेजण राहून गेले. एक बरा होऊन आपल्या गावी गेला. दुसरा चौथ्या रात्री चादर घेऊन निघून गेला. पंच म्हणाले, "बघा, सर, आम्ही म्हणत नव्हतो?" मामांनी काही न बोलता दुसरी चादर अंथरली.

आपल्या गावातही अशी एखादी खोली असेल. बंद पडलेली, मांडवाच्या सामानाने भरलेली. तिची किल्ली कुणाकडे आहे, एवढे उद्या विचारून ठेवा.